तबकडीतला षड्ज

मराठवाड्यात जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या निघतात त्या बहुतेक लादणीच्या घरांतून. माळवदाची माती वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटींतून झिरपत राहते आणि फडताळातल्या कागदी पाकिटांत शिरते. घरातली मंडळी कौतुकाने तबकडी बाहेर काढतात आणि सगळ्यात आधी उपरण्याने किंवा पदराच्या टोकाने पुसतात. तेवढं करू नका, ही आमची पहिली विनंती असते. त्या मातीत कठीण कण असतात. कोरड्या फडक्याखाली ते खाचेच्या भिंतींवर घासतात आणि जी घाण पाण्याने निघाली असती, तिचे ओरखडे कायमचे राहतात.

आम्ही छत्रपती संभाजीनगर, परभणी, अंबाजोगाई या भागातल्या घरांतल्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, तबकड्या संगणकावर उतरवून घेतो. मुख्यतः ख्याल, ठुमरी आणि नाट्यपदं. अलीकडे हे काम अनेक जण घरच्या घरी करू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बहुतेकांची सगळी मेहनत खरखर काढण्यात जाते. खरखरीला कान थोड्या वेळात सरावतो. पण वेग चुकून षड्ज, म्हणजे गायकाचा ‘सा’, चुकीच्या जागी गेला तर गायकाचा आवाज, लय, स्वरांची ठेवण सगळंच बदलतं आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मग त्या चुकीच्या आवाजावरूनच गायकाबद्दल मतं बनतात. म्हणून खाली वेगाबद्दल जास्त लिहिलं आहे आणि खरखरीबद्दल कमी.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्याची खूण इथल्या तबकड्यांच्या पेट्यांमध्ये दिसते. पाकिटांवर हैदराबाद-सिकंदराबादच्या दुकानांचे उर्दू शिक्के असतात, त्यांच्याच शेजारी मुंबई-पुण्याच्या दुकानांचे देवनागरी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीला चिकटून कव्वाली निघते, बालगंधर्वांच्या पदाखाली गझल. पाकीट फाटकं असलं तरी टाकू नये. दुकानाचा शिक्का, कोणी पेन्सिलीने लिहिलेली तारीख, किंमत यांवरून तबकडी घरात कधी आली याचा अंदाज येतो. मात्र पाकीट त्याच तबकडीचं आहे असं गृहीत धरू नये. घरोघर ती अदलाबदल झालेली असतात.

आधी तबकडी कशाची आहे ते ओळखायचं. लाखेची दहा इंची तबकडी हाताला जड लागते, वाकत नाही आणि पडली की काचेसारखी फुटते. तिच्यात लाख बाकीचं बांधून धरण्यापुरती असते. बाकी दगडाची पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. हे लक्षात ठेवलं की धुण्याचे सगळे नियम आपोआप कळतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर, एलपीसाठी (नंतरच्या व्हिनाइलच्या तबकड्यांसाठी) मिळणारं अल्कोहोलचं द्रावण यांतलं काहीही चालत नाही. एका पुसण्यात पृष्ठभाग मंद होतो आणि खाचेतले बारीक तपशील गेलेले असतात. दुसरं, तंतू आणि पूड पाणी पितात, म्हणून तबकडी पाण्यात भिजत घालायची नाही.

क्वचित पेटीत वेगळीच तबकडी निघते. मधल्या भोकाजवळ आणखी एखादं भोक, कडेला चकाकणारं ॲल्युमिनियम, वर काळा थर, लेबलवर छापील मजकुराऐवजी हाताने लिहिलेलं. ही साच्यातून न छापता थेट कोरलेली लॅकरची तबकडी असते. नभोवाणीसाठी किंवा खासगीरीत्या केलेलं ध्वनिमुद्रण अशा तबकडीवर असू शकतं आणि त्याची दुसरी प्रत नसण्याचीच शक्यता जास्त. तिला पाणी लावू नये, चावीच्या फोनोवर (ग्रामोफोनवर) तर मुळीच वाजवू नये. वरचा थर तडकायला लागला असेल तर ती तशीच सपाट ठेवून जाणकाराकडे न्यावी.

धुण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढतो. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक असतो, तो बाजूने तिरपा उजेड टाकला की वाचता येतो. लेबलवरचा क्रमांक विक्रीसाठीचा, हा कोरलेला क्रमांक ध्वनिमुद्रणाचा. पुढे वेग ठरवताना हाच उपयोगी पडतो, म्हणून तो न टिपता पुढे जाऊ नये.

धुण्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात ते वेटिंग एजंट दोन-तीन मिलिलिटर. याहून जास्त नको, नाहीतर त्याचाच थर खाचेत बसतो. भांड्याचा साबण आणि शांपू यांत सुगंध आणि मऊपणा आणणारे पदार्थ असतात, ते मागे राहतात. आणि बोअरचं पाणी तर कटाक्षाने टाळावं. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरला जडपणा असतो. बादलीच्या कडेला जसा पांढरा थर धरतो तसाच तो तबकडीच्या खाचेत धरतो आणि सुई त्याच्यावरून गेली की बारीक तडतड ऐकू येते. ही तडतड नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही, कारण ती आवाजात सगळीकडे सारखी पसरलेली असते.

लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. लेबलच्या मापाच्या दोन ॲक्रिलिकच्या चकत्या, आत रबराचं वायसर, मधून बोल्ट, एवढं जुळवलं की काम होतं. मऊ नायलॉनच्या ब्रशने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, घासायचं. आडवं घासलं की ब्रशचं टोक खाचेत उतरतच नाही. दोन-तीन मिनिटांत घासणं उरकून स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं, मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यायचं आणि ताटाळ्यासारख्या उभ्या रॅकमध्ये सावलीत सुकवायचं. उन्हात नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली तबकडी लवकरच बशीसारखी वाकते. धुण्याचं काम आम्ही हिवाळ्यात करतो ते यासाठीच.

पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी तबकडी मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, आधी कोरड्या मऊ ब्रशने झटकायची आणि ब्रश इतर तबकड्यांना वापरायचा नाही. बुरशी निघते, पण तिने खाल्लेली जागा भरून येत नाही. तिथे सुरसुर राहतेच. पाण्याचा कूलर चालणाऱ्या खोलीत ठेवलेल्या तबकड्यांना हा त्रास जास्त दिसतो. बाहेर कोरडा उन्हाळा असला तरी त्या खोलीत दमट हवा असते.

फुटलेल्या तबकडीबद्दल एवढंच की चिकटवण्याची घाई करू नये. खाचेत गोंद गेला की तो भाग संपला. तुकडे सपाट टाकाऊ तबकडीवर जुळवून कडेने आणि खालून चिकटमातीने धरून ठेवतो. सांध्यावर एक बाजू किंचित उंच राहतेच. तेव्हा सुई उंच तुकड्यावरून खालच्या तुकड्यावर उतरेल अशी मांडणी करायची, खालून वर चढेल अशी नाही. चढताना सुई उडते, उतरताना फक्त टक्क होतं. ती टक नंतर हाताने काढता येते.

आता सुई. घरच्या चावीच्या फोनोवर तबकडी ‘एकदा लावून बघू’ असं कोणी म्हटलं तर हात जोडून नाही म्हणावं. त्या फोनोचा साउंडबॉक्स, म्हणजे पीन धरणारा डबा, शंभर ग्रॅमपेक्षा जास्त वजनाने खाचेवर बसतो आणि पोलादी पीन प्रत्येक बाजूला बदलावी लागते. पीन महाग म्हणून तीच चार-पाच वेळा वापरली जाई, म्हणूनच घरात लाडक्या असलेल्या तबकड्या सगळ्यात जास्त झिजलेल्या मिळतात. खाच काळीभोर न दिसता राखाडी दिसते तिथे झीज. बहुधा ती तार सप्तकाच्या जागी आणि मोठ्या तानांवर असते, कारण तिथे खाच जास्त वळणं घेते.

एलपीची सुई इथे चालत नाही. तिचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतं, ७८च्या रुंद खाचेत ते तळाशी जाऊन घाणीत लोळतं. ७८साठी २.५ ते ३.५ मिलच्या सुया लागतात. ३ मिल म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन. एकच सुई घेऊन भागवू नये, यावर आमचा भर आहे. त्याचं कारण असं: पोलादी पीन खाचेच्या भिंतीला एका ठरावीक उंचीवर टेकत आली, तेवढाच पट्टा झिजला. त्याच्या वर किंवा खाली भिंत शाबूत असते. सुईची जाडी बदलली की ती त्या शाबूत पट्ट्यावर बसते.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ओडियन कंपनीची तबकडी आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक प्रत राखाडी झालेली. आमच्याकडे आलेल्या प्रतीत ३ मिलच्या सुईने तार षड्जावरचा ठेहराव फाटत होता; आवाज लागतो तिथेच कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. २.५ने तो आणखी बिघडला, म्हणजे झीज खालपर्यंत गेली होती. ३.५ची सुई लावल्यावर वरच्या ओरखड्यांची खरखर वाढली, पण तोच तार षड्ज सलग, गोल आणि बारीक कंपासह ऐकू आला. खरखर वाढली तरी ३.५चीच प्रत ठेवली. फाटलेला स्वर कुठल्याही यंत्राने शिवता येत नाही.

दुसरी युक्ती स्टिरिओ कार्ट्रिजची, म्हणजे सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागाची. तबकडी मोनो असली तरी दोन्ही चॅनल वेगवेगळे उतरवून ठेवायचे. खाचेला दोन भिंती असतात. डावा चॅनल आतल्या भिंतीचा, उजवा बाहेरच्या. जुना टोनआर्म (सुईचा दांडा) मध्याकडे ओढला जात असल्याने आतली भिंत जास्त झिजते. त्यामुळे पुष्कळदा नुसता उजवा चॅनल घेतला की फाटणं निम्म्यावर येतं. दोन्ही चॅनल सारखे चांगले असतील तेव्हा त्यांची बेरीज करायची, म्हणजे खाचेच्या वर-खाली हालचालीचा गोंगाट एकमेकांत विरतो. सुईचं वजन कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवायचं. जास्त वजनाने सुई ‘घट्ट बसते’ हा गैरसमज आहे.

वेगाकडे येऊ. लेबलवर ७८ लिहिलेलं असतं किंवा आपण ते धरून चालतो, पण १९२५च्या आधी, भोंग्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत कोरणाऱ्या यंत्राचा वेग सत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत कुठेही सापडतो. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं घेतलं तिथपासून पुढची दोन दशकं या प्रकारात मोडतात. विद्युत, म्हणजे मायक्रोफोनने केलेलं, ध्वनिमुद्रण आल्यावर वेग ७८च्या जवळ आला, तरी तपासल्याशिवाय मान्य करू नये.

हिशेब साधा आहे. अर्धस्वर म्हणजे काळी एक ते पांढरी दोन, त्याचे शंभर सेंट. ७८च्या आसपास एका फेऱ्याचा फरक म्हणजे सुमारे २२ सेंट. ७४ने कोरलेली तबकडी ७८ने वाजवली तर षड्ज ९१ सेंटनी चढतो, म्हणजे जवळजवळ पुढची पट्टी. तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं एक्कावन्न सेकंदांत संपतं, मध्यलय द्रुताकडे झुकते, पुरुषाचा आवाज पातळ होतो आणि तान प्रत्यक्षात होती त्याहून चपळ वाटते. जुन्या गवयांच्या तानेच्या वेगाबद्दल जी आश्चर्यं ऐकू येतात त्यांतली काही या चार फेऱ्यांची असतात.

मग मूळ वेग शोधायचा कसा? अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत शेवटी गायक स्वतःचं नाव बोलतो. मेणाचे साचे तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिरांना गाणारा कोण हे कळावं म्हणून ही पद्धत होती. आपल्याला तिचा वेगळाच उपयोग होतो. गाताना आवाज कुठल्याही पट्टीत असू शकतो, पण बोलताना वेग चढलेला असला तर तो लगेच उघडा पडतो, स्वरांची तोंडं आवळल्यासारखी ऐकू येतात. टर्नटेबलचा वेग हळूहळू उतरवत बोलणं माणसाचं वाटू लागतं तिथे थांबायचं. याने साधारण दोन-तीन फेऱ्यांच्या आत पोचता येतं.

पुढचा आधार पेटीचा. साथीला हार्मोनियम असेल तर गायकाचा षड्ज कुठल्यातरी पट्टीवर बसलेला असतो. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे षड्ज येत असेल तर वेग चुकलेला आहे. मात्र जुन्या पेट्या आजच्या ४४०च्या मापाने सुरात लावलेल्या नसत; ४३५पासून ४५२पर्यंतची मापं तेव्हा चालत होती आणि ४४० व ४५२ यांत सत्तेचाळीस सेंटचा फरक पडतो. तेव्हा पेटीवरून उत्तर एका पट्टीच्या आसपास आणता येतं, केसाच्या अंतरापर्यंत नाही. साथीला नुसती सारंगी असेल तर हा आधारही नाही.

सगळ्यात भरवशाचा आधार एकाच बैठकीतल्या तबकड्यांचा. इथे तो कोरलेला क्रमांक कामाला येतो. लागोपाठच्या क्रमांकांत गायक तोच, साथीदार तेच, पेटी तीच. अशा चार-पाच बाजू शेजारी ठेवून प्रत्येकीचा षड्ज मोजायचा. सगळ्यांचा सारखा आला तर यंत्राचा वेग निदान स्थिर होता. एकीचाच वेगळा आला तर ती तपासायची. फक्त एक लक्षात घ्यायचं: ठुमरी, भैरवी, दादरा यांत गायक बऱ्याचदा मध्यमाला षड्ज मानून गातो. तेव्हा फरक पाचशे सेंटच्या आसपास दिसतो आणि तो यंत्राचा दोष नसतो. एवढा फरक वेगाने पडायला तबकडी साठच्या खाली किंवा शंभरच्या वर फिरवावी लागेल.

गायकाच्या आवाजाची आपल्या डोक्यातली कल्पना हा आधार धरू नये. आग्रेवाली जोहराबाईंचा आवाज खर्जदार, भरदार आहे. त्यांची तबकडी ऐकून ‘बाईचा आवाज इतका जाड कसा’ म्हणून वेग वाढवलेल्या प्रती आमच्या ऐकण्यात आल्या आहेत. आवाज नाजूक झाला, पण तो जोहराबाईंचा राहिला नाही. तसंच एकाच गायकाच्या दोन काळांतल्या तबकड्या एका पट्टीत बसवू नयेत. अब्दुल करीम खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आणि ओडियनची १९३०नंतरची, १९३७मध्ये ते गेले. मधल्या काळात आवाज बदलतो, पट्टीही बदलू शकते.

सुरुवातीचा आणि शेवटचा षड्ज वेगवेगळा मोजावा. वजनावर चालणाऱ्या यंत्राचा वेग एका बाजूच्या ओघातही सरकतो. गायक बेसूर झाला असं वाटायला लावणारा हा दोष आहे. पेटीचा षड्जही तेवढाच सरकला असेल तर दोष यंत्राचा, पेटी जागेवर आणि गळाच सरकला असेल तर तो गाण्याचा, आणि तो तसाच ठेवायचा.

आपल्या टर्नटेबलचा वेग बरोबर आहे की नाही हे पाहायला रेघांची स्ट्रोब चकती वापरतात. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची चकती स्थिर दिसली की वेग ७७.९२. पण आपल्याकडे वीज जाते, इन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्त इन्व्हर्टरची वारंवारता पन्नासवर टिकत नाही; तेव्हा ती चकती खोटं सांगते. एलईडीच्या दिव्याखाली तर बहुतेकदा काहीच दिसत नाही. क्वार्ट्झवर चालणारं टर्नटेबल घ्यावं आणि खात्री वेगळ्या मार्गाने करावी. तडा गेलेली तबकडी यासाठी उत्तम. संगणकाच्या पडद्यावर तड्याच्या टका दिसतात. दोन टकांमधलं अंतर ०.७६९ सेकंद असेल तर टर्नटेबल बरोबर ७८ने फिरतंय. यातून कोरताना काय वेग होता ते मात्र कळत नाही.

वेगाशी जोडलेला आणखी एक दोष, मधलं भोक मध्यावर नसणं. मग स्वर प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला १.३ वेळा, वर-खाली डुलतो. दरबारीच्या गंधारावर किंवा भैरवच्या रिषभावर तो आला की आंदोलन वाटतो. ओळखायचा कसा? पेटीचा सलग स्वर ऐकायचा. पेटीला आंदोलन घेता येत नाही. तीही त्याच ठेक्यात डुलत असेल तर तबकडी तिरकी बसली आहे. भोक कानशीने मोठं करणं हा काही लोक सुचवतात तो उपाय आम्हाला मान्य नाही. तबकडीखाली दोन-तीन रबरी मॅट घालून ती मधल्या खिळ्याच्या टोकाच्या वर उचलायची, आणि शेवटच्या खाचेत सुईचा टोनआर्म डावीकडे-उजवीकडे हलायचा थांबेपर्यंत बोटाने सरकवत मध्यावर आणायची. वेळ लागतो, पण तबकडीला इजा होत नाही.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. साडेतीन मिनिटांची एक बाजू साधारण १२० एमबी होते. सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत सगळं घ्यायचं. गाण्याआधीची कोरी खाच पुढे गोंगाटाचा नमुना म्हणून लागते. गळ्याची पातळी जरा खालीच ठेवायची, कारण टका गळ्यापेक्षा खूप वर उसळतात. जुन्या वाड्यात अर्थिंग नसतं आणि पन्नास हर्ट्झची घुंई तानपुऱ्यावर बसते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून, चार्जर काढून, टर्नटेबलची जमिनीची तार नीट जोडून ती पुष्कळ कमी होते.

सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्पमधलं आरआयएए हे एलपीचं माप आहे, १९५४च्या सुमाराचं; खालचे स्वर किती वाढवायचे आणि वरचे किती दाबायचे ते ते ठरवतं. त्यातून ७८ वाजवली की वरचे स्वर दाबले जातात, तबल्याची चाट बोथट होते आणि लोक म्हणतात जुनं रेकॉर्डिंग असंच असतं. शक्य असेल तर सपाट प्रीॲम्प वापरावा, नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये आरआयएए उलटं लावून काढून टाकावं. भोंग्याच्या काळातल्या तबकडीला कुठलंच माप नसतं, सपाटच ऐकायची. विद्युत काळातल्या एचएमव्हीला खालच्या स्वरांची वाढ अडीचशे हर्ट्झच्या आसपासपासून द्यावी लागते. त्यापुढे कानाने ठरवायचं.

खरखर काढायची तर आधी टका, मग मापदुरुस्ती, शेवटी सुरसुर, या क्रमाने. उलट क्रमाने केलं तर टका पसरतात आणि मग सापडत नाहीत. टका काढणारं सॉफ्टवेअर ‘ता’ आणि ‘ना’च्या चाटेलाही टक समजतं, म्हणून तबला आहे तिथे हाताने काम. सुरसुर चार ते सहा डेसिबलपेक्षा जास्त कमी करत नाही. त्याहून पुढे गेलं की तानपुरा विरघळतो आणि ‘स’, ‘श’ यांच्या जागी किणकिण उरते. तपासणी अशी: जे काढून टाकलं तेवढंच ऐकायचं. त्यात श्वास, मुखड्याचा पहिला शब्द किंवा तबल्याचा हात ऐकू आला तर जास्त काढलं आहे, मागे यावं.

धुतलेल्या तबकड्या नवीन कोऱ्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत घालून उभ्या, एकमेकींना टेकून घट्ट ठेवायच्या. आडव्या थप्पीत खालची फुटते, तिरप्या ठेवल्या की वाकतात. वाड्यातली मधली, गच्चीखाली नसलेली खोली सगळ्यात चांगली.

हक्कांचा प्रश्न नेहमी विचारला जातो. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, म्हणून या तबकड्यांतल्या बहुतेकांच्या ध्वनिमुद्रणावर आता तो उरलेला नाही. नाट्यपदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. जाहीर वाटण्याआधी तेवढं पाहावं.

नोंदीत लेबलवर छापलंय ते जसंच्या तसं लिहितो, अगदी चुकीच्या स्पेलिंगसह, आणि आपल्याला वाटतं ते शेजारच्या रकान्यात. लेबलवरचा राग आणि गायलेला राग जुळत नाही असं पुष्कळदा होतं. कधी छापणाऱ्याची चूक असते, कधी त्या घराण्यात त्या रागाला तेच नाव असतं; लेबल खोडलं तर दुसरी शक्यता कायमची जाते. मुखडा, ताल, साथ, दोन्ही क्रमांक, सुईचं माप, कोणता चॅनल घेतला, वाजवण्याचा वेग, निघालेला षड्ज हर्ट्झमध्ये, आणि वेग कशावरून ठरवला: बोलण्यावरून, पेटीवरून की शेजारच्या क्रमांकांवरून. कच्ची फाइल हात न लावता दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि साफ केलेली फाइल तिच्यावरून वेगळी बनवतो. उद्या त्याच बैठकीतली दुसरी तबकडी लातूर-नांदेडच्या एखाद्या फडताळात सापडली आणि षड्ज आमच्यापेक्षा वेगळा निघाला, तर कच्च्या फाइलवरून वेग पुन्हा लावता येतो.